तलावात बुडालेला माणूस समुद्रात सापडला

निवृत्त होऊन मला आता चौथं वर्ष लागलं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातल्या लांबच लांब गस्ती केल्या. तरी कोणी विचारलं की साहेब, कोणतं प्रकरण डोक्यातून जात नाही, तर मला पाण्याखाली दोन्ही हात पाठीमागे धरून तरंगणारा एक मासेमार आठवतो आणि हसू येतं. नावं कोणाचीच लिहीत नाही. सगळी माणसं त्याच गावात नांदताहेत आणि त्यांच्याकडून वर्षातून एकदा तरी मला मरळ मासा येतो.

तेव्हा मी आरमोरीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. थंडीचे दिवस, धान घरात आलेलं. सकाळची हजेरी चालू असतानाच एक बाई आणि तिचा पस्तिशीतला मुलगा येऊन व्हरांड्यात उभे राहिले. बाई नुसती रडत होती. बोलला तो मुलगा.

"साहेब, माहा बाप मारून टाकला. काकानं मारला."

पोलिसाने अशा वेळी आधी पाणी द्यावं, मग कागद काढावा. मी दोघांना बसवलं. हकीकत अशी निघाली : बाप साठीच्या पुढचा, तलावात आणि वैनगंगेत मासेमारी करणारा. गावात त्यांना सगळे दादाजी म्हणत, मीही तेच म्हणतो. बहिणीकडे दोन दिवस जाऊन येतो असं सांगून ते घरातून निघाले. चार दिवस झाले तरी परत नाहीत, म्हणून बहिणीकडे फोन केला. ते तिथे पोचलेच नव्हते. तेवढ्यात कोणाला तरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्यांच्या चपला दिसल्या. त्यांचा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, तलावाच्या मध्यावर रिकामाच फिरत होता. आणि ते निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं चुलतभावाशी, म्हणजे या मुलाच्या काकाशी, पाळीवर जोरात भांडण झालं होतं. "तुले याच तलावात बुडवतो" हे चुलतभावाचं वाक्य अर्ध्या गावाने ऐकलं होतं.

आम्ही मुलाची फिर्याद लिहून घेतली, मिसिंगची नोंद केली, स्टेशन डायरी लिहिली आणि जीप काढली. चपलांचा आणि डोंग्याचा पंचनामा केला. तलावात सकाळपासून दुपारपर्यंत गावातल्याच लोकांनी जाळी फिरवली. हाताला कटला लागले, रोहू लागले, एक फुटकी बादली लागली. माणूस लागला नाही.

मला त्या पाण्याकडे फार वेळ बघवत नव्हतं. माझं बालपण गडचांदूरला गेलं. वडील चुनखडीच्या खाणीवर कामाला. जुन्या खाणीच्या खड्ड्यात पाणी साचायचं आणि त्यात माझ्या वर्गातला एक मुलगा गेला. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकायचा. खात्यात हे कोणाला माहीत नव्हतं.

चुलतभावाला ठाण्यात बोलावलं. आला तो खांद्यावर फाटकं जाळं घेऊन. बाकावर बसला, जाळ्याचं एक टोक बाकाच्या पायाला बांधलं आणि विणायला लागला. मी म्हटलं, हे काय?

"साहेब, तुमी विचारा. हात रिकामे काऊन ठेवू?"

मी विचारत गेलो. भांडण झालं का? झालं. बुडवतो म्हणाला का? म्हणलो. दादाजी कुठे आहेत? मले सांगता येत नाई. सांगता येत नाही म्हणजे माहीत नाही का? त्यावर त्याने नवी गाठ मारली. पाच प्रश्नांनी फिरवून, दमात घेऊन, गोडीने, सगळ्या तऱ्हेने विचारलं. उत्तर तेच. हात मात्र एकसारखे चालू, गाठीवर गाठ, एक गाठ लहान नाही की मोठी नाही.

तीस वर्षांत मी एक पाहिलं आहे. ज्याने काही केलेलं असतं तो ठाण्यात फार बोलतो. न विचारलेलं सांगतो. हा माणूस उलट होता. आमच्याकडचं जेवण पोटभर जेवला, वर हवालदाराला म्हणाला, "वरणात मीठ कमी आहे गा." पण माझ्या वाटण्यावर तपास चालत नाही. गावाने तर निकाल लावून टाकला होता. त्याच्या अंगणात कोणी पाय ठेवत नव्हतं. आणि त्याच्या मुलीचं लग्न अठरा दिवसांवर होतं. कुरखेड्याच्या पाहुण्यांनी निरोप पाठवला : खुनाचा डाग पुसल्याशिवाय वरात येणार नाही. हे त्याला मीच सांगितलं. तेव्हा त्याने मान खाली घातली, डोळे पुसले आणि पुन्हा गाठ मारली.

त्याचे कॉल रेकॉर्ड मागवले होते, पण ते यायला वेळ होता. धागा मिळाला तो आमच्या बीट हवालदाराकडून. बस थांब्यावर चहा पिताना त्याला एका कंडक्टरने स्वतःहून विचारलं, "तो सुकटवाला बुडा भेटला का?" बुडा म्हणजे म्हातारा. हवालदार कंडक्टरला थेट माझ्यासमोर घेऊन आला.

"साहेब, त्याच्याजवळ वाळल्या झिंग्याचं गाठोडं होतं," कंडक्टर सांगू लागला. "अख्खी गाडी वासानं भांडून राहिली होती माझ्याशी. आणि पायात नवे बूट. बूट लागत होते, म्हणून काढून मांडीवर घेऊन बसला. बल्लारशाले जायचं म्हणे."

चपला पाळीवर का राहिल्या, ते तिथेच कळलं. म्हणजे माणूस बूट घालून, गाठोडं घेऊन, आपल्या पायांनी गेला होता. डोंगा वाऱ्याने सुटला असणार.

मी त्याच दुपारी बल्लारशाला गेलो. स्टेशनवरच्या एका चहावाल्याला तोच वास आणि तेच बूट आठवले. म्हणाला, मद्रासची गाडी कोणत्या फलाटावर लागते असं विचारत होता, दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग त्याच गाडीत चढला.

परत येऊन मी चुलतभावाला पुन्हा बोलावलं. तो बसला, जाळं लावलं. मी एकच प्रश्न विचारला. "मद्रासला दादाजींचं कोण आहे?"

तेव्हा पहिल्यांदा त्याचे हात थांबले.

"गाडीत बसला का साहेब तो? नीट बसला?"

"बसला."

त्याने मोठा श्वास सोडला आणि चक्क हसला. "मग आता सांगतो. तो परत येतपर्यंत तोंड उघडणार नाई, अशी त्याले जबान देल्ली होती. पण तुमीच हुडकलं तं माहा काय दोष?"

आणि मग जे निघालं ते कोणत्याच कागदावर नव्हतं. दादाजींना एक मुलगीही होती. लहानपणापासून बापाबरोबर तलावात. गावातल्या एकाही पोराला ती पोहण्यात हाती लागायची नाही. कॉलेजात गेली, तिथे स्पर्धा जिंकली, कोणा प्रशिक्षकाने तिला जीवरक्षकाचं शिक्षण घ्यायला सांगितलं. घरच्यांनी त्याच वेळी तिचं लग्न ठरवलं. लग्नाला दहा दिवस असताना ती निघून गेली. पाहुण्यांची बोलणी भावाने खाल्ली, पंचांपुढे तोच उभा राहिला. त्या दिवसापासून त्याने घरात हुकूमच काढला : तिचं नाव घ्यायचं नाही. आई-बापांनी ते मान्य केलं. याला आठ वर्षं झाली होती.

मुलगी मात्र दर महिन्याला काकाच्या फोनवर फोन करायची. दादाजी पाळीवर बसून तिच्याशी बोलायचे. ती अंदमानात एका बेटावर पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन प्रवाळ दाखवायची. स्कुबा डायव्हिंगची ती शिकवणारी होती. बापाला ये म्हणायची. तिने तिकिटं पाठवली. मद्रासपर्यंत गाडी, पुढे तीन दिवस जहाज. मद्रास स्टेशनवर घ्यायला तिच्या ओळखीचा माणूस. आणि दादाजी ऐन वेळी कचरले. मुलाला कळलं तर काय, म्हणून जात नाही म्हणाले.

"तवा भांडण झालं," चुलतभाऊ म्हणाला. "मी त्याले म्हटलं, पोट्टी आठ साल वाट पाहून राहिली, आता गेला नाई तं तुले याच तलावात बुडवतो. लोकायनं मागचंच आयकलं. बूटही माहेच आहेत साहेब. जहाजात चप्पल बरी दिसते का?"

मी त्याच्याच फोनवरून मुलीला फोन लावला. ती म्हणाली, बाबा जहाजावर आहेत, परवा पोचतील. परवा पोचले. बेटावर रेंज अशी की व्हिडिओ कॉलमध्ये चित्र थांबून थांबून यायचं. आईने पडद्यावर थांबलेल्या त्या चेहऱ्यावर हात फिरवला आणि रडता रडता हसली. मुलगा मात्र म्हणाला, "हे फोटो-बिटो आजकाल कोनीही बनवते." कुरखेड्याच्या पाहुण्यांनाही माणूस डोळ्यांनी पाहायचा होता. लेखी आरोप खुनाचा होता, म्हणून वरिष्ठांनी आदेश दिला : जाऊन जबाब घ्या, शक्य तर सोबत आणा, ओळख पटवायला फिर्यादीला घेऊन जा.

अशा रीतीने मी आणि तो रागावलेला मुलगा नागपूरहून विमानात बसलो. सबंध प्रवासात तो माझ्याशी चार वाक्यं बोलला असेल.

पोर्ट ब्लेअरहून पुढे बोटीने दोन तास. धक्क्यावर दादाजी उभे होते. अनवाणी, बूट हातात. मुलाने त्यांना पाहिलं, खाली वाकून पाय धरले आणि लहान पोरासारखा रडला. बहीण चार पावलं मागे उभी होती. तिच्याकडे त्याने बघितलंही नाही.

जबाब मी मुलीच्या कामाच्या ठिकाणी, समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या टेबलावर लिहिला. 'मी माझ्या मर्जीने आलो. मला कोणी आणले नाही. मी लेकीला आणि मासे पाहायला आलो.' खाली अंगठा. पोलिसाचं काम संपलं. मी म्हटलं, चला दादाजी, लग्नाला सात दिवस राहिले.

"येतो ना साहेब. पण उद्या पोरगी मले पान्याखाली नेनार आहे. डॉक्टरनं छाती पाहून हो म्हटलं. तुमीही चाला. तुमी पान्यात आले, का मी तुमच्या विमानात आलो."

परतीचं विमान तिसऱ्या दिवशी होतं. डुबकी मारल्यावर एक दिवस विमानात बसायचं नसतं, तेही जमत होतं. म्हणजे माझ्याकडे कारण उरलं नाही. खाणीचा खड्डा आठवला. दादाजी समोर हसत उभे होते. मी एका दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी फॉर्म भरायचे होते. दमा आहे का, रक्तदाब आहे का, अडचणीत कोणाला कळवायचं. कागद दिसला की वाचायची मला सवय. भिंतीला तिथल्या शिकवणाऱ्यांचेही असेच फॉर्म लावलेले होते. मुलीच्या फॉर्मवर, 'अडचणीत कोणाला कळवावे' याच्यापुढे एक नंबर होता. हा नंबर मी माझ्या हाताने फिर्यादीत लिहिला होता. तो तिच्या भावाचा होता. कागद जुना होता, खाली सही आठ वर्षांपूर्वीची, ती इथे पहिल्यांदा कामाला लागली तेव्हाची.

मी मुलाला हाक मारली आणि बोट ठेवून दाखवलं. तो कागदाजवळ सरकला. नंबर दोनदा ओठात पुटपुटला. मग बाहेर जाऊन बहिणीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी फोन उचलला नसता तं?"

"उचलला असता," ती म्हणाली.

"कशावरून?"

"दादा, तू मले पोहणं शिकोलं. बुडणाऱ्याले तू सोडत नाई."

तो तोंड फिरवून उभा राहिला. तसाच म्हणाला, "माहाही फॉर्म दे."

एका बारक्या बोटीतून आम्ही निघालो. तिला तिथे डुंगी म्हणतात. दादाजींनी काठावर हात मारून सांगितलं, "हा तं आपला डोंगाच आहे." आधी कमरेएवढ्या पाण्यात धडे झाले. तोंडाने श्वास घ्यायचा, नाकाने नाही. कान दडले की नाक दाबून हवा सोडायची. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ, मला वर न्या. प्रवाळाला हात लावायचा नाही.

मी डोकं पाण्यात घातलं आणि लगेच बाहेर काढलं. दुसऱ्यांदा तेच. नळी तोंडातून सुटली. बापलेक बघत होते. पोरगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, बाबांचा जबाब घेताना तुम्ही किती सावकाश लिहीत होतात. तसाच श्वास घ्या. एक वाक्य आत, एक वाक्य बाहेर."

मी डोळे मिटून मनात जबाब लिहू लागलो. मी अमुक, वय अमुक, धंदा नोकरी. आत, बाहेर. डोळे उघडले तेव्हा डोकं पाण्याखाली होतं आणि मी श्वास घेत होतो. इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

एकेका माणसामागे एक जाणकार, त्याने पाठीवरची टाकी धरलेली. दादाजींना मुलगीच घेऊन निघाली. आम्ही खाली खाली गेलो, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल. मला वाटलं होतं, खाली अंधार असेल. तिथे तर मांडवासारखा उजेड होता. प्रवाळ म्हणजे कुठे फुलकोबी, कुठे शिंगं, कुठे आपल्या भाताच्या पेंढ्या उभ्या करून ठेवाव्यात तसा. त्यातून निळे मासे, पिवळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे, शेकड्यांनी वळत होते. एक हिरवट मासा दातांनी दगड खरवडत होता आणि त्याचा आवाज मला चक्क ऐकू येत होता.

मी खूश होऊन माझ्या जाणकाराला अंगठा दाखवला. त्याने मला लगेच वर नेलं. पाण्याबाहेर तो विचारतोय, काय झालं, काय त्रास होतो? मी म्हटलं, काही नाही, फार छान आहे. तो हसत हसत मला पुन्हा खाली घेऊन गेला.

आणि तिथे दादाजी दिसले. हात लावायचा नाही म्हटलं होतं, म्हणून दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरलेले. आयुष्यभर या माणसाने गढूळ पाण्यात, जाळ्याच्या ओढीवरून मासा ओळखला होता. मासा दिसायचा तो वर आल्यावर, तडफडताना. इथे ते त्यांच्या तोंडापुढून जात होते, वळून बघत होते, पळत नव्हते. दादाजी एकेकाच्या मागे मान फिरवत होते, जणू गावातली माणसं ओळखताहेत. मग एक मोठं कासव आलं. ते दादाजींच्या अंगावरून सावकाश, पंख मारत गेलं. दादाजी इतके हसले की त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. मुलीने तिथेच त्यांना ते नाकाने हवा सोडून बाहेर काढायला लावलं.

तेवढ्यात मुलगा त्याच्या जाणकारासोबत बाजूला येऊन पोचला. त्याने बहिणीकडे पाहिलं आणि बोटांचा गोल केला. ठीक आहे. तिनेही केला. त्याने पुन्हा केला, तिने पुन्हा. तीन-चार वेळा तेच. पाण्याखाली बोलता येत नाही ते बरंच झालं असं मला वाटलं. बोलता आलं असतं तर दोघांनी हिशेब काढले असते.

वर आल्यावर चौघेही एकदम बोलत होतो. दुपारच्या आत आम्ही किनाऱ्यावर होतो. मुलीने बापाने आणलेले वाळलेले झिंगे भाजले. चहूकडे समुद्र, आणि ती ते डोळे मिटून खात होती. भावाने दुसरा घास तिच्या ताटातून उचलला.

गावी परतलो तेव्हा दादाजींना पाहायला पाळीपासून रस्त्यापर्यंत लोक उभे होते. चुलतभाऊ पुढे आला, आधी त्यांच्या हातातले बूट बघितले आणि म्हणाला, "घातलेच नाई का गा?" मग दोघं गळ्यात गळा घालून उभे राहिले. फिर्याद मागे घ्यायला मुलगा स्वतः आला. मी सांगायच्या आत तो कुरखेड्याला जाऊन पाहुण्यांच्या पाया पडून आला, आणि काकाच्या अंगणात मांडवाचे बांबू त्यानेच रोवले. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याची बहीण आली. आईने तिला दारातच धरून ठेवलं, किती वेळ ते कोणी मोजलं नाही.

या प्रकरणाने माझी एक सवय बदलली. आमच्या मिसिंग रजिस्टरात त्या घरचं एकच नाव होतं, दादाजींचं, आणि ते काही दिवसांतच निकाली निघालं. त्या घरातून आठ वर्षांपूर्वी एक माणूस गेलं होतं, त्याची नोंद कोणी केली नव्हती. ते आम्हाला विचारायचंही सुचलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कोणी हरवल्याची तक्रार घेऊन आलं की मी पाणी द्यायचो आणि पहिला प्रश्न विचारायचो : याच्याआधी घरातून कोण गेलं? लोक चमकायचे, मग सांगायचे. पुष्कळदा हरवलेला माणूस त्या आधीच्या माणसाकडेच सापडला.

लग्नाला मी गणवेशाशिवाय, बायकोसोबत गेलो. जेवणाच्या पंगतीत दादाजी पाहुण्यांना सांगत होते : पिवळा मासा, निळा मासा, दगड खाणारा मासा, बैलगाडीच्या चाकाएवढं कासव. कुरखेड्याचे पाहुणे एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. एक जण म्हणाला, "बुडा लंबी फेकून राहिला."

दादाजी ताटावरून उठले. उष्ट्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"माह्यावर इश्वास नाई ना? साहेबाले विचारा. साहेब होते संगं."

अख्खी पंगत माझ्याकडे वळली. उभ्या नोकरीत मी लोकांना साक्षीला उभं केलं होतं, कोर्टात आणि ठाण्यात. मला कोणी उभं केलं नव्हतं. मी हातातला घास खाली ठेवला, उभा राहिलो आणि सांगितलं, "खरं आहे. कासव तर त्याहून मोठं होतं."